वजनाच्या ऑपरेशननंतर गावातलं पहिलं वर्ष

नागपूरच्या दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा आहाराचा एक रंगीत कागद हातात दिला होता. त्यावर ब्रोकोलीचं सूप, ओट्स, ग्रीक योगर्ट असं लिहिलेलं. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. आठवडी बाजारात वांगी, चवळीच्या शेंगा, अंबाडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सारं मिळतं. ब्रोकोली मिळत नाही. सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मंग मी चुलीवर काय ठेवू वं आता?"

या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझं पहिलं वर्ष गेलं. ऑपरेशन दोन-अडीच तासांत आटोपतं, पण पुढचं सगळं घरच्या स्वयंपाकघरात, वावरात, गावच्या डॉक्टरकडे आणि लग्नाच्या पंगतीत घडतं. तिथे सर्जन नसतात. म्हणून हे लिहिते आहे, तुमच्यासाठी आणि तुमच्यासाठी चूल पेटवणाऱ्या माणसासाठीही. एक अट आहे. तुमच्या सर्जनने किंवा आहारतज्ज्ञाने यापेक्षा वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुमचं पोट आतून पाहिलेलं असतं.

आधी आपलं ऑपरेशन कोणतं, ते पाठ करा

बऱ्याच जणांना "पोट लहान केलं" एवढंच माहीत असतं. तेवढं पुरत नाही. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला खाली जोडतात, त्यामुळे वरच्या आतड्यातून अन्न जातच नाही. मिनी बायपास हा त्यातलाच एक प्रकार. माझं तेच झालं आहे. लोह, कॅल्शियम, बी-१२ यांची कमतरता दोन्हींत होते, बायपासमध्ये जास्त. गोड खाल्ल्यावर होणारा त्रास आणि दुखीच्या गोळ्यांनी होणारा अल्सर यांचा धोकाही बायपासवाल्यांना अधिक. कोणत्याही डॉक्टरसमोर बसलात की पहिलं वाक्य ऑपरेशनच्या नावाचं असू द्या.

सुट्टी होण्याच्या दिवशी

घरी निघायच्या घाईत माणूस फक्त बिलाकडे बघतो. त्या दिवशी खुर्चीत बसून या गोष्टी लिहून घ्या: रात्री-बेरात्री उचलला जाईल असा वॉर्डचा फोन नंबर, कोणत्या गोळ्या कुटून घ्यायच्या आणि कोणत्या कुटायच्या नाहीत (नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असं असेल तर ती गोळी कधीच कुटायची नसते, बदलून मागायची), रक्त पातळ ठेवायच्या सुया किती दिवस, आणि त्या गावात कोण देणार.

साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचं तर खोदून खोदून विचारा. ऑपरेशननंतर काही दिवसांतच साखर उतरू लागते. जुना डोस तसाच चालू ठेवला, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. घरी ग्लुकोमीटर असू द्या. साखर ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि त्याच दिवशी डॉक्टरला फोन करून डोस कमी करून घ्या.

वाटेचंही ठरवून ठेवा. नागपूरहून आमच्याकडे दीड-दोन तास लागतात, गडचिरोलीच्या आतल्या गावांना त्याहून कितीतरी जास्त. पोटावर मऊ उशी धरा आणि दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाला. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसलं की पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं.

पहिले दोन आठवडे: फक्त पातळ

टॉनिकच्या बाटलीसोबत येणारं छोटं माप घ्या आणि त्यावरच्या खुणा पाहून ३० मिली मोजा. दर पंधरा मिनिटांनी तेवढंच, तेही दोन-तीन घोटांत. तासाला १२० मिली झालं. तेरा तास हे केलं की दीड लिटरच्या थोडं वर जातं, आणि दिवसाला एवढंच हवं असतं. ऐकायला सोपं वाटतं. मला पहिल्या दिवशी पाऊण लिटरही जमलं नव्हतं. मुलीने मोबाइलवर दर पंधरा मिनिटांचा गजर लावला आणि भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रेघा मारायला सुरुवात केली, तेव्हा चौथ्या दिवशी गाडी रुळावर आली.

सुरुवात पाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, बिनसाखरेचं लिंबूपाणी, पातळ ताक यांनी. डॉक्टरांनी पुढची परवानगी दिली की साय काढलेलं दूध, गाळलेली मुगाची कढण, भाजीचं गाळलेलं पाणी, मासे-मटण खाणाऱ्यांना बिनतिखट, तेल काढलेला रस्सा. ज्वारीच्या पिठाची आंबील पातळ करून गाळली की छान चालते. प्रोटीन पावडर सांगितली असेल तर ती दुधात. गाळणी बारीक हवी, नाहीतर वरून मलमलचा कपडा टाका. जिरं आणि कढीपत्त्याचा तुकडासुद्धा या दिवसांत अडकतो.

नळी तोंडात धरून पिऊ नका, हवा आत जाते. सोडा आणि थंड पेय तर नाहीच. चहाबद्दल सगळे विचारतात. सुरुवातीचे काही आठवडे नकोच, नंतर कमी पत्तीचा, बिनसाखरेचा, एखादा कप.

घरच्यांसाठी: आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून मऊ भात, खिचडी, दूध-पोळीचा काला देण्याचा मोह होतो. माझ्या नणंदेने नवव्या दिवशी मायेने दोन चमचे गुरगुट्या भात भरवला होता. दोन तास छातीत गोळा बसल्यासारखं झालं, शेवटी उलटी झाली. आतले टाके या दिवसांत ताजे असतात. त्यांच्यावर ताण देणारी माया या पंधरा दिवसांत आवरायची.

कधी थांबायचं नाही, थेट निघायचं

पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला सगळ्यात मोठा धोका म्हणजे टाक्यांच्या रेषेतून गळती. त्याची पहिली खूण अनेकदा ताप नसून नाडी असते. म्हणून घरातल्या एकाने नाडी मोजायला शिकून घ्या: मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. माणूस शांत बसलेला असताना नाडी १२० च्या पुढे राहत असेल, तर वाट पाहू नका.

तसंच १०१ च्या वर ताप, धाप, पोटात वाढत जाणारं दुखणं, घोटभर पाणीही न टिकणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती चिकट आणि कुजकट वासाची नसते. डाव्या खांद्यात दुखणं फसवं आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात भरलेल्या गॅसमुळे पहिले दोन-तीन दिवस खांदे दुखतात आणि चालल्यावर कमी होतात. ते कमी होत नसेल आणि नाडीही जोरात असेल, तर तो गॅस समजू नका.

अशा वेळी १०८ लावा आणि त्याच वेळी वॉर्डच्या नंबरवर फोन करा. जवळच्या दवाखान्यात थांबावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला फोनवर तुमच्या सर्जनशी बोलायला लावा. हे करताना भीड धरू नका.

तिसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून मिक्सरमधून काढलेलं, पाचव्यापासून मऊ, आणि सात-आठ आठवड्यांनंतर हळूहळू घरचं नेहमीचं. आमच्याकडे मिक्सरचं जेवण असं ठरलं: घट्ट तुरीचं वरण, दुधी किंवा कोहळं उकडून वाटून, अंड्याचा पांढरा भाग मऊ उकडून दह्यात कालवून, चक्का, पातळ चून म्हणजे पिठलं. मऊच्या पायरीवर मुगाचं धिरडं, मऊ पनीर, उकडलेलं अंडं, काटे काढलेला मासा, वाटून घेतलेली पालकाची डाळभाजी. भंडारा-गोंदियाकडच्या लोकांना तलावाचे ताजे मासे मिळतात, त्यांच्याइतकं सोपं कुणाला नाही. मसाला मात्र बाजूला. सावजीचा रस्सा या वर्षी विसरा.

भाकरी आणि पोळीबद्दल माझा अनुभव असा, की मऊ, लुसलुशीत पोळीचा आत चिकट गोळा होतो आणि मोकळा न झालेला भात फुगतो. सहा आठवड्यांनंतर ज्वारीच्या भाकरीचा कडक पापुद्रा कुस्करून वरणात भिजवला, तो आधी पचला. पोळी चार महिन्यांनी.

जेवायची रीत नव्याने शिकावी लागते. चटणीची छोटी वाटी आणि चहाचा चमचा घ्या. घास हरभऱ्याच्या दाण्याएवढा, २० ते ३० वेळा चावलेला. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत संपवा. त्याहून लवकर नको, तासभर चघळतही नको. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. हा नियम विदर्भातल्या माणसाला सगळ्यात जड जातो, कारण आपण तांब्या शेजारी ठेवूनच बसतो. तांब्याच ओट्यावर ठेवत जा. आणि पोट भरल्याची खूण ओळखा: काहींना छातीच्या मधोमध दाब येतो, काहींना उचकी, मला नाक गळायला लागतं. ती खूण आली की पुढचा एक घासही जास्त होतो.

संत्र्याबद्दल वेगळं सांगते, कारण आपला मुलूखच संत्र्याचा. फोडीवरची पातळ साल आणि पांढऱ्या शिरा पोटात पचत नाहीत. जठराच्या ऑपरेशननंतर त्यांचा गोळा होऊन वाट अडल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. फोड सोलून आतला गरच चावून खा. रस काढून पिऊ नका, त्यात साखर एकदम पोटात जाते.

रोजचे ६० ग्रॅम

वजन उतरताना चरबीबरोबर मांसपेशीही उतरतात. त्या राखायला रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि वाटी मात्र चटणीची. म्हणून ताटात पहिला घास नेहमी प्रथिनांचा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी.

हिशेब ढोबळ असा: अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम, दोन अंडी १२, ५० ग्रॅम पनीर ९, घट्ट वरणाची वाटी ६-७, कोरड्या मोजून ३० ग्रॅम सोयाबीन वड्या १५. एवढ्यात साठीच्या अगदी जवळ पोचता येतं. आपल्या वावरात सोयाबीन पिकतं आणि सगळं बाजार समितीत जातं. भिजवून, शिजवून, मिक्सरमधून काढलेल्या सोया वड्या भाजीत मिसळल्या तर कुणाला कळतही नाही. दुधाने पोट फुगत असेल तर दही-ताकावर या. पावडर महाग पडते, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत अन्नातून हिशेब बसत नाही, तेव्हा ती घ्याच. तो खर्च ऑपरेशनच्या खर्चातच धरून ठेवा.

तर्री-पोहे, चिवडा, फरसाण, बिस्किटं, चहात बुडवलेले टोस्ट: हे सगळं लहान पोटातूनही सहज घसरत खाली जातं, पोट भरल्याची खूण देत नाही. दोन-तीन वर्षांनी ज्यांचं वजन परत चढलेलं मी पाहिलं, त्यांच्यापैकी बहुतेकांची वाट याच चहा-फरसाणातून गेली होती.

उन्हाळा

शक्य असेल तर ऑपरेशन दिवाळीनंतर करून घ्या, म्हणजे पाणी पिण्याची सवय बसायला तीन-चार महिने थंडी मिळते. माझं मार्चच्या शेवटी झालं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला. तहान लागायची, पण घटाघटा पिता येत नव्हतं. एकदम ग्लासभर पाणी आता शरीर घेतच नाही, त्यामुळे दिवसभराची भरपाई रात्री करता येत नाही.

मी अर्धा लिटरच्या चार बाटल्यांवर वेळ लिहून ठेवायची: सकाळी दहापर्यंत, एकपर्यंत, चारपर्यंत, रात्री नऊपर्यंत. माठाचं पाणी चालतं, बर्फाचं काहींना कळ आणतं. मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक सगळ्यात चांगलं. उसाचा रस, रसना, आंब्याचं गोड पन्हं नको. पन्हं करायचंच तर बिनगुळाचं, मीठ घालून. ओआरएस लागलं तर आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे मिळणारं साधं पाकीट घ्या. दुकानातल्या तयार फळांच्या चवीच्या डब्यांत साखर बरीच असते. लघवी गडद पिवळी झाली, उठताना चक्कर आली की पाणी कमी पडतंय. लघवी वाढवणारी किंवा बीपीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरला भेटून डोस पाहून घ्या.

आपल्या भागात, खास करून चंद्रपूर, गडचिरोली, नागपूरकडे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. तो आजार असेल तर पाणी कमी पडणं हेच झटका यायला पुरेसं कारण ठरतं, आणि लोहाच्या गोळ्याही तपासणीशिवाय सुरू करायच्या नसतात. ऑपरेशनच्या आधीच ही तपासणी झालेली असावी.

गोळ्या: आयुष्यभर

सहा-आठ महिन्यांनी माणूस हलका होतो, गुडघे दुखत नाहीत, बरं वाटतं. तेव्हाच गोळ्या सुटतात. पण लोहाचा आणि बी-१२चा साठा हळूहळू रिकामा होतो. कधी वर्ष, कधी दोन-तीन वर्षं कळतच नाही. मग हातपाय बधीर, तोल जाणं, दम लागणं. बी-१२ची कमतरता नसांवर दीर्घकाळ राहिली तर पूर्ण भरून येईलच असं नसतं.

साधारण यादी अशी असते: रोज मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, सायट्रेट प्रकारचं, एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नाही, डी जीवनसत्त्व, बी-१२ची गोळी किंवा दर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमची सुई, आणि लोह, पाळी येणाऱ्या बायांना ४५ ते ६० मिलिग्रॅम. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर हवं, दोन्ही एकत्र घेतली तर लोह वाया जातं. चहासोबतही लोह नको. माझी घडी अशी: सकाळी दात घासून अर्ध्या तासाने लोह लिंबूपाण्यासोबत, दुपारी आणि रात्री जेवणानंतर कॅल्शियम. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून पहिले सहा महिने वेगळी गोळी देतात, तीही पूर्ण करा. वजन भरभर उतरतं तेव्हा खडे होण्याचा धोका जास्त असतो.

रक्त तपासणी ३, ६, १२ महिन्यांनी आणि मग दरवर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी, कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), साखर. नागपूरला जाणं होत नसेल तर तालुक्याला रक्त देऊन रिपोर्टचा फोटो सर्जनच्या दवाखान्यात पाठवा. आम्ही तसंच करतो.

दुखीची सुई आणि ग्लुकोजची बाटली

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आठव्या महिन्यात मला कंबरेत उसण भरली. गावातल्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी नेहमीप्रमाणे दुखीची सुई दिली आणि दहा दिवसांच्या गोळ्या. ऑपरेशनचं मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात पोटात जळजळ, मग काळी शौच. नागपूरला दुर्बीण टाकून पाहिलं तर जोडाच्या जागी अल्सर. पाच दिवस भरती राहिले. हे टळण्यासारखं होतं.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड या जातीच्या गोळ्या आणि सुया बायपासवाल्यांनी आयुष्यभर टाळायच्या, स्लीव्हवाल्यांनीही डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. अंगदुखीच्या 'कॉम्बी' गोळ्यांत हेच लपलेलं असतं, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून घ्या. साधी पॅरासिटामॉल चालते, ठरलेल्या मात्रेत. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना विचारा.

दुसरं सलाईनचं. उलट्या थांबत नसतील तर शरीरातलं बी-१ म्हणजे थायमिन कमी होत जातं. अशा वेळी थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली लावली, तर मेंदूला इजा होऊ शकते: डोळे नीट हलत नाहीत, तोल जातो, माणूस बरळतो. डॉक्टरला नम्रपणे म्हणा, "साहेब, वजनाचं ऑपरेशन झालंय, उलट्या होऊन राह्यल्या, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या जी." चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

खर्रा आणि दारू

खर्रा सुटल्याशिवाय हे ऑपरेशन करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तंबाखूने जखम भरायला उशीर होतो, अल्सरचा धोका वाढतो, आणि खर्ऱ्यातली कच्ची सुपारी तोंडाचं काय करते ते आपण गावोगावी पाहतोच. शेजाऱ्याने पुडी पुढे केली की हात आपोआप जातो. माझ्या दिराने खिशात बडीशेपची डबी ठेवून तो हात थांबवला.

दारू, मग ती दुकानातली असो की मोहाची, आता वेगळी लागते. थोडीच घेतली तरी लवकर चढते आणि जास्त वेळ राहते. जेवणातून मिळणारं सुख कमी झालं की काही माणसं दारूकडे वळतात, हे डॉक्टरांनीही सांगितलेलं आहे. निदान पहिलं वर्ष पूर्ण बंद. घरात कुणाचं पिणं वाढताना दिसलं तर लपवू नका.

वावरात कधी

पहिल्या दिवसापासून चालायचं: अंगणात, मग गल्लीत, मग गावाच्या वेशीपर्यंत. सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही. भरलेली पाण्याची गुंडी पंधरा किलोच्या आसपास जाते, हे लक्षात घ्या. कापसाचं गाठोडं, सोयाबीनचं पोतं, खताची बॅग त्याहून कितीतरी जड. हातपंप हापसणंही नको. टेबलावरचं काम दोन-तीन आठवड्यांत जमतं. निंदण, वेचणी डॉक्टरांच्या परवानगीने सहा आठवड्यांनंतर, आधी अर्धा दिवस. ऑपरेशनची तारीख ठरवताना सोंगणी आणि वेचणीचे दिवस टाळा, नाहीतर मजूर मिळाले नाहीत की तुम्ही घरात बसूच शकणार नाही. फवारणी पहिल्या काही महिन्यांत करूच नका. उपाशी पोट, ऊन आणि तोंडावरचा रुमाल यांत चक्कर यायला वेळ लागत नाही.

वावरात जाताना पाण्याची बाटली, एक उकडलेलं अंडं किंवा, तीन-चार महिने झाले असतील तर, मूठभर फुटाणे सोबत असू द्या. फुटाणे अगदी पीठ होईपर्यंत चावायचे.

पंगत

"काहून वं माय, एवढुसंच? रागावली का?" लग्नात, तेरवीत, महालक्ष्मीच्या जेवणात हे ऐकायला मिळणारच. आपल्याकडे आग्रह हा मान असतो, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. मी तीन गोष्टी करते. निघण्याआधी घरी अंडं किंवा पनीर खाऊन जाते. पानात वाढायच्या आधीच वाढणाऱ्याला सांगते, "भाऊ, पोटाचं ऑपरेशन झालंय, नुसतं वरण वाढा." आणि नवरा शेजारी बसतो, म्हणजे पानात पडलेलं वाया जात नाही.

पहिल्या पोळ्याला मी हट्टाने अर्धी पुरणपोळी खाल्ली. वीस मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा, आणि आडवं पडल्याशिवाय गत्यंतर नाही. याला डम्पिंग म्हणतात: गोड एकदम आतड्यात उतरतं आणि शरीरातलं पाणी तिकडे ओढलं जातं. काहींना एक ते तीन तासांनी साखर खाली जाऊन थरथर सुटते. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरला सांगा. सणाला गोड चाखायचंच असेल, तर जेवणाच्या शेवटी चमचाभर, आणि काय होतं ते बघून.

केस, कातडी, पाळी, मन

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठमूठ गळतात. घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं आणि लोह नीट असेल तर सहा-आठ महिन्यांत फरक दिसतो. तेलावर पैसे घालवण्याआधी फेरिटिन तपासा. सैल कातडीच्या घड्यांत पावसाळ्यात खाज आणि बुरशी होते, आंघोळीनंतर सुती कपड्याने घड्या कोरड्या करा. ब्लाऊज एकदम डझनभर शिवू नका.

बायांसाठी एक महत्त्वाचं: वजन उतरलं की बंद पडलेली पाळी सुरू होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण १२ ते १८ महिने गर्भ राहू देऊ नये, बाळाला पोषण कमी पडतं. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवू नये. सरकारी आरोग्य केंद्रात तांबी मोफत बसवतात. लग्न ठरायच्या मुलीचं ऑपरेशन झालं असेल, तर ही गोष्ट तिच्या आईने आणि होणाऱ्या सासरच्यांनीही जाणून घ्यायला हवी.

मनाचं कुणी विचारत नाही. गावात लोक म्हणतात, "बिमार दिसून राह्यली", किंवा मागून, "आयतं बारीक झाली." मी दुसऱ्या महिन्यात विनाकारण रडायची. जेवण हा माझा आधार होता आणि तो अचानक गेला होता. संध्याकाळी रिकामे हात नको म्हणून मी गोधडी शिवायला घेतली, बाजूच्या काकूंबरोबर चालायला लागले. तरीही झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

वजन आठवड्यातून एकदाच, एकाच काट्यावर. आम्ही उपकेंद्राचा वापरतो. पहिल्या दोन महिन्यांत एखादा आठवडा-पंधरवडा काटा हलत नाही, तेव्हा उपवास धरू नका. साधारण वर्ष-दीड वर्षात वजन तळाला जातं आणि मग थोडं वर येऊन स्थिरावतं. दोन-चार किलो चढले म्हणून खचू नका. पाच-सात झाले तर आहारतज्ज्ञाकडे जा.

खिशातला कागद

अल्सरनंतर मी पोस्टकार्डाएवढा कागद लिहून त्याला प्लास्टिक चढवून घेतलं. एक पर्समध्ये, एक नवऱ्याच्या पाकिटात, एक देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला. त्यावर एवढंच आहे: माझं नाव आणि रक्तगट, मिनी गॅस्ट्रिक बायपास, ऑपरेशनचा महिना आणि वर्ष, डायक्लोफेनॅक आणि त्या जातीच्या सुया-गोळ्या देऊ नका, उलट्या असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन, नाकातून पोटात नळी टाकायची असेल तर आधी सर्जनला विचारा, आणि खाली दोन फोन नंबर, वॉर्डचा आणि घरचा. मागच्या बाजूला चालू गोळ्यांची नावं पेन्सिलने लिहिली आहेत, बदलली की खोडता येतात. गावच्या डॉक्टरांकडेही एक प्रत नेऊन दिली. त्यांनी ती टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.